दिवा लागलाय म्हणजे लाइन जिवंत आहे

आमच्या मजल्यावर बोर्डमावशी राहतात. एकतीस वर्षं त्यांनी एका मोठ्या इस्पितळाचा टेलिफोन बोर्ड सांभाळला. समोर भोकांच्या रांगा, प्रत्येक भोकावर इवलासा दिवा. दिवा पेटला की दोरी खोचायची आणि या माणसाला त्या माणसाशी जोडून द्यायचं. ही सवय अंगात इतकी मुरली आहे, की आजही त्यांचं दार वाजवलं तर आतून आवाज येतो, "बोला, कोण हवंय?" घरात त्या एकट्याच असतात. कोण हवं असणार?

पुढे इस्पितळात यंत्र आलं. डॉक्टर हवे असतील तर एक दाबा, औषधं हवी असतील तर दोन दाबा. मावशी घरी आल्या आणि सहा वर्षं गप्प बसल्या. म्हणजे, त्यांच्या मानाने गप्प. जिन्यात सापडलेला माणूस अर्ध्या तासाच्या आत सुटल्याचं आम्हाला तरी आठवत नाही.

मग दुसऱ्याच एका इस्पितळाला उपरती झाली, की आजारी माणूस आकडे दाबून दाबून आणखी आजारी पडतो. घरबसल्या लॅपटॉपवर फोन घेणारी माणसं त्यांना हवी होती. मावशींनी अर्ज ठोकून दिला. गुरुवारी सकाळी अकराला चाचणी ठरली.

"हे जमलं ना," त्या लेकीला म्हणाल्या, "तर पुन्हा कुणाच्या तरी उपयोगी पडेन गं. नाहीतर आहेच, भिंतीवरच्या घड्याळाशी गप्पा."

इथे जावईबापूंचा प्रवेश होतो. जावईबापू पूल बांधतात. त्यांचा एकही पूल अजून पडलेला नाही, त्यामुळे आपण हात लावला ते पडूच शकत नाही, असा त्यांचा समज आहे. माणूस सोन्यासारखा. सासूबाईंना बारीक अक्षरं दिसत नाहीत म्हणून बुधवारी संध्याकाळी ते भलामोठा मॉनिटर खांद्यावर घेऊन तीन मजले चढले, लॅपटॉपला जोडला, तो चालवणारा ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम टाकला आणि घाम पुसत म्हणाले, "बघा आता!" अक्षरं वाटीएवढी झाली होती.

गुरुवारी सव्वादहाला मावशींनी सरावाचं रेकॉर्डिंग लावलं. लॅपटॉपच्या तोंडून शब्द फुटेना.

लेक आणि जावई धावत आले. जावईबापूंनी आवाजाची पट्टी शंभरावर नेली. शुकशुकाट. लॅपटॉप तीनदा बंद करून चालू केला. शुकशुकाट.

"काल तू हात लावलास आणि आज आवाज गेला," लेक म्हणाली.

"योगायोग!" जावईबापू म्हणाले. "हे वरवर होणार नाही. सगळं पुसून मुळापासून नव्याने टाकतो. दोन तासांत नवा कोरा!"

"दोन तास? वीस मिनिटं राहिलीत!"

मावशी इतका वेळ हातात चष्मा धरून उभ्या होत्या. चेहरा उतरला होता. पण 'सगळं पुसून' हे शब्द कानावर पडताच त्यांनी चष्मा चढवला.

"जावईबापू, उठा जरा."

सासूबाई बसल्या. पडद्यावर आवाजाच्या सेटिंगचं पान उघडं होतं. रेकॉर्डिंग पुन्हा लावलेलं होतं आणि पानावर एक हिरवी रेघ लहानमोठी होत होती.

"हे काय नाचतंय?"

"ती आवाजाची पातळी."

"म्हणजे आवाज निघतोय?"

"निघतोय. पण येत नाहीये."

"मग दिवा लागलाय की! दिवा लागलाय म्हणजे लाइन जिवंत आहे. दोरी भलत्याच भोकात गेलीये. आमच्याकडे एका नव्या मुलीने सर्जनचा फोन धुलाईखात्यात जोडला होता. सर्जन ओरडतायत, 'रक्ताचं काय झालं?' आणि तिकडून उत्तर, 'साहेब, डाग जाणार नाही!' हा आवाज कुणाकडे जोडलाय, ते बघा."

जावईबापूंनी वाकून बघितलं. आवाज जिथे पाठवायचा, त्या जागी मॉनिटरचं नाव होतं. कालच्या ड्रायव्हरने परस्पर करून टाकलेली सोयरीक.

"मॉनिटरकडे चाललाय," ते हळूच म्हणाले.

"मग तो बोलत का नाही?"

"त्याला... स्पीकरच नाहीत."

लेकीने तोंडाला पदर लावला. मावशींनी यादी उघडली, खालचं लॅपटॉपच्या स्पीकरचं नाव निवडलं, आणि शंभरावर नेलेल्या पट्टीमुळे रेकॉर्डिंगमधली बाई अशी काही "नमस्कार!" म्हणून गरजली, की आमच्या घरातला चहा कपाबाहेर आला.

अकराला चाचणी सुरू झाली. पहिला फोन एका घाबरलेल्या आईचा, दुसरा एका भांडखोर गृहस्थांचा. मावशींनी दोन्ही लोण्यातून सुरी फिरवावी तसे निभावले. तिसरा फोन आला आणि पलीकडे काहीच नाही.

दाराशी उभे असलेले जावईबापू पांढरेफटक पडले. पुन्हा गेला! ते वायरीकडे झेपावणार, तेवढ्यात मावशींनी मागे न बघता तळहात वर केला. आवाजाचं पान त्यांनी कोपऱ्यात उघडंच ठेवलं होतं. हिरवी रेघ जेमतेम हलत होती. कुणीतरी श्वास घेत होतं.

"बोला," मावशी म्हणाल्या. "घाई नाही. मी इथेच आहे."

अर्धं मिनिट गेलं. मग एक म्हातारा आवाज म्हणाला, "कसं सांगावं, तेच कळत नाहीये हो."

"मग आधी नाव सांगा. बाकीचं सावकाश होईल."

तो म्हातारा म्हणजे परीक्षकच निघाला. "सकाळपासून नऊ जणांनी 'आवाज येत नाही' म्हणून हा फोन ठेवून दिला," तो म्हणाला. "सोमवारपासून या. म्हणजे, घरीच बसा!"

लेकीने आईला मिठी मारली. जावईबापू ओशाळून वायर गुंडाळू लागले. "मॉनिटर परत नेतो, आई."

"राहू द्या हो," मावशी म्हणाल्या. "अक्षरं छान दिसतात. काही जणांनी नुसतं भारदस्त दिसावं, बोलायला जाऊ नये."

जावईबापू मॉनिटरकडे बघत होते. लेक त्यांच्याकडे.