कोळशाच्या पोटात

केळीचा घड उतरवला, की खोडाकडे कुणी ढुंकून बघत नाही. या नवरा-बायकोचा संसार मात्र त्या टाकलेल्या खोडांवरच उभा राहिला. ती खोडाचे थर सोलायची, यंत्रात घालून धागा काढायची. बाहेरच्या थराचा धागा राठ, तो दोरीला. आतला रेशमासारखा, तो पिशव्यांना. उरलेला चोथा आणि घडांचे दांडे वाळले, की त्याच्याकडे. तो ते पत्र्याच्या पिंपात ठासून पेटवायचा, वर झाकण ठेवून मातीनं लिंपायचा. हवा कोंडली, की राख न होता कोळसा होतो. हलका, भोकाभोकांचा.

"अहो, तिथूनच बोला!" ती ओरडायची. "ते काळे हात लावलेत, तर रंगीत धागा म्हणून विकावा लागेल."

"मग भाव चांगला येईल की!"

चुलीत हा कोळसा भुर्रकन जळून जातो. पण ओल आणि वास शोषण्यात त्याचा हात धरणारं कुणी नाही. तिच्या पिशव्यांत त्याचा कोळसा भरून दोघं विकायची. लोक कपाटात ठेवायचे, बुटांत कोंबायचे.

ती आजारपणात गेली. मागे तिचा यंत्रावर बसताना घालायचा हिरवा स्वेटर उरला. त्यानं तो कुणाला धुऊ दिला नाही. घर जरा शांत झालं, की तो ट्रंक उघडायचा आणि स्वेटरमध्ये तोंड खुपसायचा. चिकाचा आंबूस वास, डोक्याचं तेल, घाम. ती तिथं असायची. अगदी "सरका तिकडं" म्हणण्याइतकी.

पावसाळा सरल्यावर त्यानं ट्रंक उघडली, तर नुसती लोकर. बाह्यांवरचे चिकाचे तपकिरी डाग जागच्या जागी होते. वास तेवढा नव्हता. त्यानं स्वेटर उलटा केला, काखेपाशी हुंगला. काही नाही. तळाशी त्याच्याच कोळशाची पिशवी पडली होती.

"मीच ठेवली, बाबा," सून दारातून म्हणाली. "ट्रंकेला बुरशी धरत होती. म्हटलं, आईंचा स्वेटर खराब व्हायला नको." मग त्याचा चेहरा बघून ती आत आली. "काय झालं?"

"काही नाही. चोख काम केलंय कोळशानं."

तिला समजलं, तसा तिनं हात पुढे केला. "द्या ती पिशवी, उन्हात ठेवते. गिऱ्हाइकांना तुम्हीच सांगता ना, ऊन लागलं, की गिळलेलं सगळं ओकतो म्हणून?"

"ओकेल गं. पण वाऱ्यावर. मी कुठं कुठं नाक घेऊन धावू?"

ती रडायला लागली. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. केसांत काळं लागेल, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

"स्वेटर धुऊन टाक," तो म्हणाला. "थंडीत तूच घाल. उबदार आहे."

पिशवी मात्र त्यानं दिली नाही. स्वयंपाकघरातली घट्ट झाकणाची बरणी रिकामी करून घेतली, पिशवी आत ठेवली आणि झाकण आवळलं. बरणी आता त्याच्या उशाशी असते. कधी कधी हात झाकणावर जातो, बोटं कडेवर घट्ट बसतात. उघडायचं म्हटलं, तर क्षणभराचं काम. तो बसून राहतो, तसाच, हात न काढता.