बुडालेल्या गावातली वाट

सत्तर-एकाहत्तर साल असेल. धरण नुकतंच भरलं होतं. बुडालेल्या गावामागची देवराईची टेकडी तेवढी बेट होऊन वर उरली होती. तिथली वाळकी काडीही कुणी मोडत नसे. ते बेट पाहायला मला ज्याने नेलं, त्याचं नाव मी विचारलं नाही. होडी नव्हतीच, गूळ करायची मोठी काहील पाण्यात सोडून तो ती वल्हवायचा.

मोकळ्या पाण्यावर तो मध्येच डावीकडे वळायचा, मग उजवीकडे. त्याची नजर बेटावर नव्हती, खाली पाण्यात होती. मी वैतागलो. "बाबा, सरळ चला की! बेट समोर दिसतंय."

"लोकांच्या घरावरनं जायाचं व्हय, गुरुजी?"

तेव्हा कळलं, खाली गावाच्या गल्ल्या होत्या, आणि तो त्यांतूनच चालला होता.

देवराईत एक पाखरूही बोललं नाही. निघताना त्याने मला चपला झटकायला लावल्या; तिथलं पानसुद्धा बाहेर न्यायचं नसतं.

परतताना ऊन उतरलं होतं. एका जागी त्याने वल्हं थांबवलं आणि तो खाकरला. पाणवठ्यावरून जाताना बाप्ये खाकरतात, तसा.

"हितं आड हाय," तो हळूच म्हणाला. "बाया असत्यात."

"अहो, पण गाव तर उठून माळावर गेलं ना?"

"समदी कुठं गेली?"

वारा पडला होता, तरी समोरचं पाणी हललं. वाट मिळाल्यासारखं त्याने वल्हं मारलं.

असल्या गोष्टींना मी एरवी हसतो. त्या दिवशी मात्र आडाशी खाली घातलेली मान मी काठ लागेपर्यंत वर केली नाही.