शकुन साबण आणि जगाचा बाजार

नीलकंठ डेहनकरला जग कळतं, याबद्दल जबलपुरातल्या मराठी घरांत दुमत नव्हतं. तो विम्याच्या कचेरीत कारकून होता, पण तो झाला पोटापाण्याचा भाग. खरा नीलकंठ संध्याकाळी सुटायचा. कमानिया गेटाजवळच्या टपरीवर चहाचा ग्लास हातात घेऊन तो डॉलर, तेल आणि जपानी मोटारींविषयी असा काही बोलायचा की शेजारचा कापडवाला गिऱ्हाईक सोडून ऐकत राही. रशिया फुटला त्या आठवड्यात टपरीवाल्यानं त्याच्याकडून चहाचे पैसेच घेतले नाहीत. जणू नीलकंठाच्या घरातलंच कोणी गेलं होतं.

त्याचे वडील अंबादासजी विदर्भातल्या आर्वीकडून आले आणि जबलपूरच्या रांझी भागातल्या कारखान्यात लागले. नीलकंठानं एम.कॉम. केलं. त्याला प्राध्यापक व्हायचं होतं, ते राहून गेलं. पण राहून गेलेलं प्राध्यापकपण काही अंगातून जात नाही. तो वाचनालयात बसून धंद्याची इंग्रजी मासिकं चाळायचा, आणि त्यातले मोठाले शब्द पेढ्यासारखे तोंडात घोळवत घरी यायचा. स्पर्धा. उत्पादकता. जुनं मोडल्याशिवाय नवं उभं राहत नाही. बाजार खुला झाला, परदेशी माल येऊ लागला, वर्तमानपत्रं रोज घाबरू लागली, आणि नीलकंठाचे दिवस आले. इतकी वर्षं तो जे एकटाच बोलत होता, त्यावर आता सगळा देश बोलत होता.

त्याची थोरली बहीण शकूताई रांझीलाच दिली होती. तिचे यजमान भाऊराव निखाडे घरामागच्या शेडमध्ये कपडे धुण्याचा साबण करत. भट्टीवर मोठी कढई, तेल, कॉस्टिक सोडा आणि भेडाघाटाकडून आणलेली सेलखडीची, म्हणजे मऊ पांढऱ्या दगडाची, पूड. कढईतला माल साच्यात ओतायचा, थिजला की तारेनं कापायचा, वर ठसा मारायचा: ‘शकुन’. बायकोच्या नावावरूनच ठेवलं होतं ते नाव. साबण कसा होता, हे खरं सांगायचं तर बेतासबात होता. फेस कमी, आणि हात जरा कोरडे पडायचे. पण जबलपुरातल्या मराठी घरांतून मोरीवर ती पिवळी वडी दिसायचीच. आपल्या भाऊरावांचा साबण आहे, घ्यायचा, एवढाच हिशेब. उरलेला माल सायकलला बांधून भाऊराव सिहोऱ्याच्या बाजाराला जात.

या भाऊरावांना मेहुण्याचा कोण अभिमान! मराठी समाजाच्या गणपतीत दरवर्षी एक व्याख्यान असायचं आणि वक्ता नेमानं नागपूरहून यायचा. गाडीतून उतरलेलाच माणूस विद्वान, अशी काहीशी समजूत होती. भाऊरावांनी अध्यक्ष नारायणरावांच्या घरी खेटे घातले. “आमच्या नीलूभाऊले एकदा ऐका तं खरं जी. लय डोकं आहे त्याले. काहून बाहेरून आदमी बुलावता?” नारायणराव शेवटी कंटाळून हो म्हणाले. भाऊरावांनी आनंदाच्या भरात त्या दिवशीची आरती आणि प्रसाद आपल्याकडे घेतला.

विषय ठरला ‘जगाचा बाजार आणि आपण’. नीलकंठानं रजा टाकून तयारी केली. बायको भानुमतीला स्वयंपाकघराच्या दारात उभं करून त्यानं सगळं भाषण म्हणून दाखवलं. भाजी करपली. ती म्हणाली, “चांगलं आहे. पण लोकं समजतीन का?” नीलकंठाला तिची कीव आली.

आणि लोकांना ते समजलंच नाही. सभागृह भरलं होतं, पण ते प्रसादासाठीही भरलेलं असू शकतं, हे नीलकंठाला माइकसमोर उभं राहिल्यावर उमगलं. कोणता देश काय का बनवतो, हे तो फोड करून सांगत होता आणि मागच्या रांगेत रांझीतलीच बेबीताई नव्या साडीचा काठ दुसरीला दाखवत होती. कॉलेजातली मुलं तर मराठी ऐकायला आलीच नव्हती, त्यांना आईबापांनी आणलं होतं. एकानं उघड जांभई दिली. इतक्या वर्षांनी मिळालेली संधी, आणि ती अशी डोळ्यांदेखत पेंगत होती. पहिल्या रांगेत एकटे भाऊराव, इस्त्रीचा सदरा घालून, प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते.

कशानं ते सुचलं कोण जाणे. नीलकंठ म्हणाला, “लांब कशाला जाता? आपल्या रांझीत एक पिवळा साबण मिळतो.”

सभागृह जागं झालं. कुणीतरी खुदकन हसलं. नीलकंठानं नाव घेतलं नव्हतं, अजूनही मागे फिरता आलं असतं. पण ते हसू त्याच्या कानात गेलं आणि थेट डोक्यात चढलं. तो म्हणाला, या साबणानं मळ निघत नाही, पण हाताची रेषा निघते. ज्योतिषाकडे जायच्या आधी वापरू नये. लोक हसले. मग त्यानं सायकल धरल्यासारखे हात केले आणि भाऊरावांची सिहोऱ्याच्या बाजारातली आरोळी हुबेहूब त्यांच्या आवाजात काढली, “ले लो अम्मा, मैल भी जाएगा, महँगाई भी जाएगी!” सभागृह फुटलं. जांभई देणारा पोरगाही आता मांडीवर थापा मारत होता. नीलकंठ रंगात आला. हा साबण आपण का घेतो? चांगला म्हणून नाही. आपल्या माणसाचा म्हणून! जगाच्या बाजारात नात्यागोत्याला जागा नाही. ज्याला उत्तम जमतं त्यानं करावं, कमजोरानं बाजूला व्हावं. असला कारखाना बंद पडला तर हळहळू नका, टाळ्या वाजवा!

आणि टाळ्या पडल्या. कडकडून पडल्या. भाऊरावांनी आधी इकडेतिकडे पाहिलं. सगळे वाजवतायत म्हटल्यावर त्यांनीही वाजवल्या. शकूताई प्रसादाची पातेली पाहायला म्हणून उठून आत गेली होती.

वक्त्याला शाल आणि नारळ द्यायचा मान त्या दिवशीच्या आरतीच्या यजमानाचा, ही तिथली जुनी रीत. नारायणरावांनी माइकवरून भाऊरावांचं नाव पुकारलं तेव्हा मागून पुन्हा हसण्याची लाट आली. भाऊराव मंचावर चढले. त्यांनी शाल नीट उलगडली, मेहुण्याच्या खांद्यावर घातली, नारळ हातात दिला आणि हळूच म्हणाले, “छान बोलले.” नीलकंठाला त्यांच्याकडे पाहता येईना. तो नारळाच्या शेंडीकडे पाहत राहिला. नशा कधी उतरली ते कळलं नाही, पण आता पायाखालची फळी दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं त्याला वाटलं.

स्कूटरवर भानुमती मागे बसली. फाटक उघडताना एवढंच बोलली, “बहिणीचं नाव आहे त्या साबणावर. काही वाटलं तुमाले?”

वाटलं होतं. वाटत होतं म्हणूनच तर झोप नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळीच जाऊन पाय धरायचे, असं त्यानं ठरवलं. सकाळी कचेरी आडवी आली. मग विसर्जन आलं, मग पितृपक्ष आला. शिकलेल्या माणसाचं एक असतं, त्याला लाज वाटली की तो आधी मुद्दे काढतो. मी नाव घेतलं नाही. मी व्यक्तीवर बोललो नाही, तत्त्वावर बोललो. भाऊजींनी स्वतः तर टाळ्या वाजवल्या. मुद्दे सगळे बरोबर होते आणि बहिणीच्या घराकडे जायचं तो टाळत होता.

नवरात्रात बाजारात बेबीताई भेटली. पिशवीत एका मोठ्या कंपनीच्या धुण्याच्या पावडरीचं पाकीट होतं. तिनं ते कौतुकानं वर काढून दाखवलं. “पहा, आमीही आता हेच वापरून राहिलो. इतके दिवस भाऊरावले वाईट वाटन म्हणून घेत होतो जी. तुमी भाषणात सांगितलं, तं बरं झालं. आता शरम नाही वाटत. आमच्या क्वार्टरच्या लाइनीत तं सगळ्यांनीच बंद केलं.”

नीलकंठ भाजी न घेताच परतला. आजवर तो जगाबद्दल जे काही बोलला होता, त्यानं जगाचं केसभरही इकडचं तिकडे झालं नव्हतं. डॉलर त्याला विचारून चढला नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या बोलण्यानं बाजार हलला होता, आणि तो बहिणीच्या घरामागचा बाजार होता. परदेशी कंपन्यांना त्या साबणाचं जे वाकडं करता आलं नव्हतं ते त्यानं करून दाखवलं. लोक त्या वडीला भिडेखातर धरून होते. ती भीड त्यानं मोडली, वर टाळ्या घेतल्या.

पुढे बातम्या टपरीवरच येऊ लागल्या. रांझीच्या किराणावाल्यांनी माल परत केला. भाऊराव दुकानात शिरले की टवाळ पोरं टाळ्या वाजवतात, असंही कुणीतरी हसत सांगितलं. दसऱ्यानंतर नारायणराव भेटले, तेव्हा हसत नव्हते. म्हणाले, “भाऊरावनं भट्टी बुजवली बरं का.” नीलकंठानं टपरीवर जाणं सोडलं. लोकांना वाटलं, साहेब वाचनात आहेत.

भाऊबीजेला मात्र पळवाट नव्हती. भानुमतीनं त्याच्या हातात साडीचं पाकीट दिलं आणि म्हणाली, “एकटेच जा.”

शकूताईनं दार उघडलं. ये म्हणाली. पाट मांडलेला होता, रांगोळी काढलेली होती. तिनं कुंकू लावलं, अक्षता लावल्या, ओवाळलं, सगळं रीतीप्रमाणं केलं. फक्त त्याच्याकडे पाहिलं नाही. तेवढ्यात भाऊराव मागच्या दारानं आत आले. त्यांचे हात स्वच्छ होते. भट्टी चालू असताना ते कधीच इतके स्वच्छ नसत. पाठ केलेलं सगळं विसरून नीलकंठ पाटावरूनच म्हणाला, “भाऊजी, माझं चुकलं. त्या दिवशी मी तसं बोलायला नको होतं.”

“चुकलं?” भाऊरावांना खरंच नवल वाटलं. “नाही जी, चुकलं कसं? तुमी तं दुनियेची गोष्ट सांगितली. पयले मले थोडं लागलं, खोटं काहून बोलू. मग मी लय विचार केला. आदमी शिकलेला आहे, आपला आहे, वाईट कायले सांगन? कढई बी विकून टाकली मी.”

नीलकंठ रागाची तयारी करून आला होता. शिव्या खायची, टोमणे ऐकायची, जेवण नाकारलं गेलं तर मुकाट परतायची तयारी होती. याची नव्हती.

भाऊराव खुर्ची ओढून समोर बसले. “पण एक गोष्ट राहून गेली पहा तुमच्या भाषणात. कमजोरानं बाजूले व्हावं म्हणलं तुमी. मी झालो. अच्छा, आता बाजूले होऊन करायचं काय, ते सांगा. आजपर्यंत साबणाशिवाय काही केलं नाही मी. चलो, आता टाइमही आहे आपल्यापाशी. समजावून सांगा.”

नीलकंठानं त्या आवाजात टोमणा शोधला. सापडला असता तर त्याला सुटल्यासारखं झालं असतं. नव्हता. भाऊराव खरोखर विचारत होते, गणपतीत पहिल्या रांगेत बसले होते तसेच बसून.

“म्हणजे, भाऊजी, त्याचं असं असतं,” तो म्हणाला. “एकदा का माणूस जुन्या धंद्यातून मोकळा झाला, की…”

पुढचं वाक्य त्याला पाठ होतं. मासिकांत ते शेकडोदा वाचलं होतं. पण मोकळा झालेला माणूस समोर गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता, आणि ते वाक्य काही केल्या तोंडातून निघेना.

“अहो, त्याले काहून विचारून राहिले?” शकूताई ओवाळणीचं ताट उचलत म्हणाली. “त्याचं भाषण तेवढंच होतं.”

ती आत गेली. भाऊराव मात्र अजून नीलकंठाच्या तोंडाकडे बघत होते, तो काहीतरी सांगेल म्हणून.