सारांशात न आलेली ओळ

मैत्रिणींनो, आज देवपूजा अर्धीच राहिली. मन लागेना, म्हणून इथे लिहितेय.

माझी लेक स्वाती इस्लामपुरात घरी बसूनच पुण्याच्या कंपनीचं काम करते. तिने लिहिलेला प्रोग्राम त्याच कंपनीतले तासगावचे प्रवीणदादा तपासायचे आणि खाली लांबलचक शेरे लिहायचे. शेवटी एखादी घरगुती ओळही असायची, "जेवलीस का? आईचे गुडघे कसे हायत?"

मध्यंतरी स्वातीने प्रोग्राम न लिहिता, स्क्रीनवर नुसते तयार चौकोन जोडून एआय बसवलं. ते शेरे वाचून चार ओळींत सारांश द्यायचं. वेळ वाचतो, म्हणून मलाही बरं वाटलं.

आज सकाळी फोन आला. प्रवीणदादा गेले, हार्ट अटॅकनं.

स्वातीने त्यांचा शेवटचा शेरा पहिल्यांदाच पूर्ण उघडला. तळाला होतं, "स्वाते, परवापासनं छातीत लय जड वाटतंय. घरी बोललो न्हाई. सवड झाली की फोन कर."

"आई, मीच त्या मशीनला सांगितलं होतं गं, कामाचं तेवढंच ठेव म्हणून."

मी तिला नुसतं जवळ घेतलं.

घरचा हिशोब मी रोज लिहिते. पण लेकीचा हा वाचलेला वेळ मी कुठे जमा धरू, तुम्हीच सांगा.