फोमची बाभळ

ओल्या रंगाचा वास आला की रहिमतपूरचे गादीवाले चाचा आठवतात. वडिलांनी जन्मभर सांभाळलेल्या रेल्वे फाटकाचा छोटा देखावा मी वडिलांसाठीच करत होते. चाचांकडून आणलेला फोम मिक्सरमध्ये बारीक केला, हिरवा रंगवला आणि तारेच्या फांद्यांवर चिकटवला. ते झाड चाचांच्या दुकानात नेऊन दाखवलं. ते निरखून चाचा म्हणाले, "पोरी, लय हिरवं झालंय. रुळाकडंच्या बाभळीवर धूळ असती." मग त्यांनी दारातली माती चाळली, डिंकाच्या पाण्यात कालवली आणि सुईनं घट्टे पडलेल्या बोटांनी फोमवर हलकेच टेकवली. झाड एकदम उन्हातलं दिसू लागलं. घरी वडिलांनी ते डोळ्यांजवळ धरलं आणि विचारलं, "ही आपल्या फाटकाजवळची बाभळ व्हय?" मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. आता कुठलंही झाड करायला बसण्याआधी मी बाहेर जाऊन खरं झाड बघून येते.