टपाली मतांचं टेबल

जिंतूर तहसिलीतले ते अव्वल कारकून चहा पितानाही समोरच्याला विचारतात, "सही केली का?" उत्तराची वाट बघत नाहीत, जिभेला सवयच लागलीय. दर निवडणुकीला टपाली मतांचं टेबल त्यांच्याच गळ्यात पडतं.

मतमोजणीच्या सकाळी मी, झरीच्या शाळेवरचा मास्तर, त्यांच्या शेजारी होतो. ड्युटी करून करून त्यांचे डोळे लाल झालेले, मान आखडलेली. ते बाहेरचं पाकीट कापत, आतल्या, मतदारानं भरलेल्या घोषणापत्रावरची सही बघत आणि सही नसली की मतपत्रिकेचं आतलं पाकीट न फोडताच बाजूला ठेवत. "सही न्हाई. बाद." सूर कायम तोच, पेंगुळलेला.

एका घोषणापत्रावर ते थांबले. अक्षर त्यांचंच होतं. ड्युटीमुळं त्यांनीही टपाली मतच दिलेलं. नाव होतं, पत्ता होता. सहीची जागा कोरी.

"आता करून टाका की. पाकीट तुमचंच तर हाय," मी हळूच म्हणालो.

त्यांनी चष्मा पुसला. "सही न्हाई. बाद."

पुढचं पाकीट सीमेवरच्या कुण्या जवानाचं निघालं. त्याच्या सहीवर अंगठा ठेवून ते बघत राहिले.

"ह्यानं बघा, तिकडं बसूनबी केलीय," म्हणाले आणि कात्री माझ्याकडं सरकवली. "आता तुमी कापा. मला दिसंना झालंय."