एकाच ताग्यातले कपडे

साडूंबद्दल लिहायला बसलो खरा, पण मला त्यांच्याविषयी फारसं माहीत नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. दोन सख्ख्या बहिणींशी आमची लग्नं झाली. मोठी त्यांची, धाकटी माझी. उभं आयुष्य एकमेकांच्या घरी जेवलो, आजारपणात धावलो, पण बोलणं हवापाण्याच्या पुढे क्वचितच गेलं. माझी नोकरी पाणीपुरवठ्याच्या पंपघरात. तिथे दिवसभर यंत्राचा आवाज ऐकायचा, बोलायचं कोणाशी? साडू मला पंपसाहेब म्हणत. मी चुकून दोन वाक्यं बोललो की बायकांना हाक मारून सांगत, "आज पंपाला पाणी आलं बरं का."

ते शिंपी होते. एका इमारतीच्या जिन्याखाली दुकान. आत एक मशीन, एक कापायचं टेबल, आणि वाकल्याशिवाय आत जाता येणार नाही असं दार. घरच्यांसाठी मात्र ते एक अख्खा तागा आणत आणि त्यातूनच सगळ्यांचे कपडे बेतत. पुरुषांना सदरे, बायकांना पायघोळ झगे. कापडाचा तुकडाही वाया गेलेला त्यांना खपत नसे. माझी बायको म्हणे, "भाऊजी, बँडपथक तर झालं, आता वाद्यं तेवढी द्या." ते म्हणत, "देतो की. पण तुमचे यजमान वाजवणार आहेत का?"

मोठ्या मेव्हणीला मीही ताईच म्हणतो. तिला विसर पडू लागला तसे साडू तिला रोज दुकानात नेऊन बसवू लागले. तिच्या हातात बटणांचा डबा देत. ती दिवसभर बटणं निवडी आणि संध्याकाळी त्यांनाच म्हणे, "मास्तर, आता मला सोडा. घरी नवरा वाट बघत असेल." ही गोष्ट त्यांनी आम्हाला हसत हसत सांगितली. सांगताना सुईत दोरा ओवत होते, तो काही केल्या ओवला जाईना.

डॉक्टरांनी हात टेकल्यावर एक दिवस ते आमच्या घरी आले आणि समुद्रकाठच्या त्या देवस्थानाला जाऊ म्हणाले. लग्नानंतर दोघं पहिल्यांदा तिथेच गेली होती. "तिथे तरी मला ओळखेल," ते माझ्या बायकोला म्हणाले. "नाही ओळखलं, तर मग मी कुठे नेऊ तिला?"

निघण्याआधी त्यांनी चौघांचे नवे कपडे शिवले. फिकट जांभळ्या कापडावर पांढरी फुलं. म्हातारपणी फुलाफुलांचा सदरा घालायची मला लाज वाटली, पण त्यांच्यापुढे नाही म्हणवलं नाही.

गाव शांत होतं. गर्दीचे दिवस सरले होते, बरीच दुकानं बंद. उतारूंच्या खोलीत अंथरुणं ओलसर, खिडकीच्या कड्या गंजलेल्या. देवस्थानाच्या पायऱ्या थेट वाळूत उतरत. पहिल्या संध्याकाळी पायऱ्या चढताना ताईने साडूंचा हात धरला आणि विचारलं, "पाय दुखतात का तुमचे?" एवढंच. पण साडूंनी ते मला येऊन सांगितलं, आणि थोड्या वेळाने पुन्हा सांगितलं, जणू पहिल्यांदा सांगितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर ताई नाहीशी झाली.

साडू चहा आणायला गेले होते. परत येताना त्यांना पायऱ्यांवर पाठमोरा जांभळा झगा दिसला. ताई बहिणीजवळ बसली आहे असं समजून ते सावकाश आले. मीही खिडकीतून तोच झगा पाहिला आणि निश्चिंत झालो. ती माझी बायको होती, एकटी. तिला वाटत होतं, ताई खोलीत माझ्याजवळ आहे.

मग शोधाशोध. आम्ही तिघं तीन दिशांना गेलो. जो भेटेल त्याला विचारायचं, असल्या कापडाचा झगा घातलेली म्हातारी बाई पाहिली का? लोक लगेच सांगत, हो, आत्ताच गेली त्या बाजूला. आम्ही जीव खाऊन धावायचो, आणि पुढे माझी बायको, तीही लोकांना तेच विचारत असलेली. असं पुन्हा पुन्हा झालं. भरती चढत होती. धावता धावता साडूंशी माझी गाठ पडली. ते थांबले आणि स्वतःच्या सदऱ्याची बाही मुठीत आवळून म्हणाले, "मी हे काय करून ठेवलं, पंपसाहेब?" मी फक्त त्यांचा दंड धरला.

ताई सापडली ती धक्क्याजवळच्या एका चहाच्या दुकानात. दुकानवालीने तिला बाकावर बसवून पाणी दिलं होतं. साडू माझ्या पुढे धावले आणि त्यांनी तिचा हात धरला. ती ओरडली, "सोड मला. कोण आहे हा? मघापासून माझ्या मागे लागलाय." बाकावरचे दोघं तिघं उठले. एकाने साडूंची कॉलर पकडली.

"माझी बायको आहे ती," साडू म्हणाले.

दुकानवालीने ताईला हळूच विचारलं, "आजी, हे तुमचे कोण?"

ताईने त्यांच्याकडे नीट पाहिलं. अगदी नीट, चेहरा ओळखायचा प्रयत्न करून. मग म्हणाली, "कोणी नाही. माझा नवरा दुकानात असतो."

साडू झटापट करत होते ते थांबले. मग कॉलर धरणाऱ्याला काही सांगायच्या भानगडीतही पडले नाहीत. तेवढ्यात माझी बायको आली आणि ताई धावत जाऊन तिला बिलगली. त्या माणसाने एकेकाच्या अंगावरची फुलं पाहिली आणि ओशाळून हात काढला.

परतीच्या बसमध्ये साडू अगदी मागे जाऊन बसले. ती घाबरेल म्हणून.

ताई आमच्याकडेच राहिली, कारण त्यांच्या घराचा उंबरा ती ओलांडेना. साडू रोज दुकान बंद करून येत, पण वर येत नसत. त्यांना पाहिलं की ती दार लावून घेई. ते जिन्याच्या वळणावर उभे राहत आणि मी खाली जाई. ते वारले त्याच्या आदल्या संध्याकाळीही तसेच आले होते.

"जेवली?" त्यांनी विचारलं.

"जेवली. भात मागून घेतला."

"झोप?"

"दुपारी लागली थोडी."

वरून ताईचा आवाज आला. ती बहिणीला काहीतरी विचारत होती. तिचं बोलणं संपेपर्यंत ते वर बघत ऐकत राहिले.

"तिच्या झग्याची बाही उसवलीय," मग म्हणाले. "काल खिडकीत उभी होती तेव्हा दिसलं. उद्या तेवढा देऊन ठेवा."

"धुऊन देतो."

"धुवायला नको. तसाच द्या."

"बरं," मी म्हणालो.